अकरावी पायरी

हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही — आणि बहिणीला मी काय काय सांगत असते. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जातंय का? असेल.

आधी कामाचं सांगते, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. वागळे इस्टेटमध्ये आमची लहानशी कंपनी आहे. शेतात औषध फवारणारे ड्रोन बनवते. ड्रोन उडवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो आणि खऱ्या ड्रोनवर चढवण्याआधी ते कम्प्युटरवर, सिम्युलेटरमध्ये उडवून बघतो. तिथे पडलं तर कुणाचं काही जात नाही. हे सगळं नव्या मशीनवर, म्हणजे कम्प्युटरवर, बसवायची एक नोट आहे — काय कुठून घ्यायचं, कोणत्या क्रमाने. एकोणीस पायऱ्या. सहा वर्षं ती मीच लिहिली, मीच सांभाळली. ऑफिसात म्हणायचे, बाकी काही चुकेल, हिची नोट चुकायची नाही.

मग प्रणाली आली. कल्याणच्या पुढच्या गावातली, शेतकऱ्याच्या घरातली. कॉलेजातली लॅबची कायमची नोकरी सोडून, घरच्यांशी भांडून आलेली. सहा महिने काम बघू, मग कायम करू, असं सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तिला सांगितलं होतं. ती आईशी फोनवर गावच्या बोलीत बोलायची तेव्हा मी मान खाली घालून हसायचे. डोंबिवलीतल्या शिकल्यासवरल्या घरातली ना मी!

दुसऱ्याच आठवड्यात तिने एक चूक शोधून काढली, जी मी महिनाभर शोधत होते. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “शिका जरा हिच्याकडून.” माझ्याकडे बघून म्हणाले का? नाही. मला तसं वाटलं. त्या दिवसापासून तिचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखायचं. तिचं हसणं, तिच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी, खुर्चीवर मांडी घालून बसणं — सगळ्याचा राग यायचा. मी त्याला दुसरी नावं देऊन बघितली. पण तो हेवाच होता.

तर — पाचव्या महिन्यात तिला नवं मशीन मिळालं आणि स्वतःचं काम मिळालं. बॅटरी संपत आली की ड्रोनने आपणहून परत येऊन उतरायचं. ते सिम्युलेटरमध्ये करून दाखवलं की ती कायम. मी तिला नोट पाठवली. पाठवण्याआधी त्यातली अकरावी पायरी काढून टाकली. आणि पुढचे आकडे नीट लावले, अठरापर्यंत. असं चुकून होतं का कधी?

त्या पायरीत फार काही नाही, एक फाइल जोडायची असते. आमचं ड्रोन टाकीसकट जड. सिम्युलेटर मात्र आपणहून हलकं ड्रोन धरून चालतो. आमच्या ड्रोनचं वजनमाप त्या फाइलीत असतं. ती नसली तरी सगळं बसतं, कुठे तक्रार येत नाही, नकाशावर ड्रोनचा तोच लाल बाण उडताना दिसतो. फक्त थोड्या वेळाने हेलकावे खातो आणि कोसळतो. लिहिणाऱ्याला वाटतं, आपलंच चुकलं.

तिला तसंच वाटलं. तीन आठवडे ती तेच कोड मोडून परत लिहीत राहिली. दोन दिवस अडेल, मग माझ्याकडे येईल, मग मी सांगेन — असं मी स्वतःला बजावलं होतं. आली की. म्हणाली, “ताई, एकदा तुमच्या मशीनवर चालवून बघू का?”

मी म्हटलं, “आधी स्वतःच्या मशीनवर तर चालू दे गं.”

“बरोबरे,” ती म्हणाली. “नोट मी दोनदा बघितली, एकेक पायरी. तुमची नोट चुकणार नाय. माझंच कायतरी चुकतंय.”

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडायचं फक्त. मी चहा आणायला गेले.

दाखवायच्या दिवशी ड्रोन सगळ्यांसमोर कोसळलं. सर चिडले नाहीत, फक्त स्क्रीन बंद करायला सांगितली. महिनाअखेर ती कंपनीतून गेली. कॉलेजातली तिची जागा तोवर भरली होती, हेही मला माहीत होतं.

मग मी नोटमध्ये ती पायरी परत घातली. आणि एका दुपारी, सगळे डबा खायला वर गेलेले असताना, तिचं कोड माझ्या मशीनवर चालवलं — अगदी पहिलं, काही बदलण्याआधीचं. बॅटरी उतरली, ड्रोन वळलं, आलं आणि उतरायच्या खुणेच्या बरोब्बर मधोमध उतरलं. मी पुन्हा चालवलं. पुन्हा मधोमधच.

सरांनी विचारलं, तिच्या कामातलं काही घेण्यासारखं आहे का? मी म्हटलं, नाही. त्यांनी ते काम मला दिलं. मी तिचं कोड पुसलं आणि पहिल्यापासून लिहायला बसले. माझ्या नावावर ते आता शेतांत उडतंय. ते परत येतं, उतरतं, कुणी तक्रार करत नाही. खुणेपासून हातभर बाजूला उतरतं.