मावशींची गिनती

“अजून एक? आता हिला काय भिंतीला टांगायची?”

दाराआडून एका मुलीचा आवाज आला. बॅग धरून मी सांगलीतल्या त्या मुलींच्या वसतिगृहाच्या पायरीवर उभी होते, आणि ‘हिला’ म्हणजे मला, हे कळायला फारसं मराठी यावं लागत नव्हतं. बाहेर आल्या त्या मावशी. त्यांनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत पाहिलं, मग बाजूला सरकून कडेनंही पाहिलं आणि आत वळून निकाल दिला, “बारीक हाय गं. बसंल.”

माणसाला नुसत्या नजरेनं मोजून त्याला किती जागा लागेल हे वीतभरही न चुकता सांगणारं मावशींसारखं दुसरं कुणी पृथ्वीवर नसेल. निम्मं आयुष्य त्यांनी तुरुंगाच्या महिला विभागात शिपाई म्हणून काढलं होतं. “वीस बायकांच्या बराकीत पन्नास निजवल्यात मी,” असं त्या सांगत, एखादी सुगरण पन्नास पानं वाढल्याचं सांगते त्या सुरात. मग आवाज उतरे. “निजवल्यात कसलं, रचल्यात. एकीनं कूस बदलली की समद्यांनी बदलायची.” निवृत्त झाल्यावर त्या आमच्या वसतिगृहावर देखरेखीला आल्या. तीन खोल्या, नऊ मुली आणि दहाव्या त्या. चौथी, पुढची खोली मालकांच्या कुलपात असे. तिच्यात त्यांचे जुने सोफे ऐसपैस राहत.

मावशींनी नोकरी सोडली तरी तिथली भाषा काही सोडली नव्हती. कुणाचे आईवडील आले की “मुलाखत आलीया,” दिवाळीला गावी निघालेली मुलगी ‘पॅरोल’वर, आणि आंघोळीची खोली मनापासून घासली तर एका दिवसाच्या झाडूची ‘माफी’. रोज संध्याकाळी सात वाजता गिनती. आम्ही ओळीनं बसायचं आणि त्यांनी प्रत्येकीच्या डोक्याला हात लावत मोजायचं. नुसतं बघून मोजलेलं त्यांना मान्य नसे. “मावशी, आम्ही काय कैदी आहोत का?” एकदा डॉक्टरकीची एक मुलगी वैतागून म्हणाली. “कैदी असतीस तर सुटायची तारीख तरी ठावं असती,” मावशी पुढच्या डोक्याकडे सरकत म्हणाल्या, “तुजं शिक्षान काय संपंना.”

बराकीत नव्या बाईला संडासाजवळची जागा मिळते म्हणे. मावशींनी आमच्याकडे तो रिवाज बरोब्बर उलटा केला होता. नवी मुलगी पहिला महिना खिडकीशी. जुन्या मुली कुरकुरल्या तर म्हणत, “नव्या माणसावर भिंती चालून येत्यात. वारा लागला की टिकतं माणूस.” मी पाचगणीच्या इंग्रजी शाळेत वाढलेली, साताऱ्याच्या घरीही स्वतंत्र खोली असलेली. दुसऱ्यांच्या श्वासांत झोपायचं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. त्यात बोलायला गेले की माझं मराठी अडखळायचं, म्हणून मी गप्पच असायची. मावशींनी मला आठवडाभर निरखलं आणि एक दिवस जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर नेऊन बसवलं. “हितं भिंतीकडं त्वांड करून बसायचं. बसलेलं माणूस घरात न्हाई, असं समद्यांनी धरायचं. हाक मारायची न्हाई. बराकीतल्या बायकांनी काढल्याली युक्ती हाय ही. एवढ्या गर्दीत एकटं कुठं बसणार?”

हा कायदा त्या किती कडक पाळत हे माझे बाबा अचानक भेटायला आले तेव्हा कळलं. मी पायरीवर होते, दारापासून पाच-सहा फुटांवर. बाबांनी माझ्याबद्दल विचारलं. मावशी शांतपणे म्हणाल्या, “न्हाई. भाईर गेलीया.” बाबा माझ्या पाठीकडे बघत उभे. “अहो, ही काय ती बसलीय!” “बसलीया,” मावशी म्हणाल्या, “पर घरात न्हाई. ईल इतक्यात. च्या घेता?” बाबांनी मुकाट्यानं चहा घेतला, आणि माझं हसू आवरेना तेव्हा कुठे मी घरी परतले.

एकदा रुग्णालयातली शिकाऊ ड्यूटी संपवून निघायला मला उशीर झाला, फोनही बंद पडला. बसथांब्यावर उतरले तर मावशी उभ्या. रागावल्या नाहीत. भर रस्त्यात माझ्या डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, “नऊ.” आमच्या साताऱ्याच्या घरात मी खोलीत आहे की नाही, हे जेवायच्या वेळेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नसे.

माझ्या परीक्षेला महिना उरला असताना तपासणीला आलेल्या साहेबांनी तीन खोल्यांत नऊच माणसं राहतील असं बजावलं. संध्याकाळी मालक आले. “शेवटी आलेली जाईल,” म्हणाले, “सरळ हिशेब आहे.” शेवटी आलेली मी. सांगलीत चार ठिकाणी विचारून झालं होतं, जागा कुठेच नव्हती. मी मान खाली घातली. मग मावशीच बोलल्या.

“आवं, तिकडं गर्दी झाली की जिला मुलाखत न्हाई तिलाच पयली दुसऱ्या जेलात धाडायचे. तक्रार कोण करणार? तसली नावं म्या माज्या तोंडानं वाचलीत. आता न्हाई वाचायची. दहावी मी हाय, मी जाते. लेकाचं घर हाय साताऱ्याला.”

लेकाचं घर होतं, हे खरंच. आधीच्या दिवाळीत त्यानं त्यांना प्रशस्त, वेगळी खोली दिली होती आणि तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या होत्या. “कुणाचा श्वास ऐकू ईना, बाय,” असं तेव्हा त्यांनी मला हळूच सांगितलं होतं, “लय भ्या वाटलं.”

पुढे आठवड्याभरात मालकांनी सोफे हलवून पुढची खोली उघडली, मावशी राहिल्या, मीही परीक्षा देऊनच निघाले. आता मी साताऱ्यात नोकरी करते. खोली माझी एकटीची आहे, संध्याकाळचे सात वाजतात आणि तसेच निघून जातात. पण त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मावशी पत्र्याच्या पेटीत लुगडी भरत होत्या, मालक दाराकडे वळले होते. मी मनात एक नीट मराठी वाक्य तीनदा जुळवलं. उभी राहिले तेव्हा ते विसरले, आणि आठही मुली माझ्याकडे बघत असताना भलतंच बोलून गेले.

“काका, आम्हा दोघींना एकच मोजा.”