भिंतीवरचे ठिपके

ती तक्रार मीच लिहिली होती, हे आधी सांगून टाकतो.

चंदीगडला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. सेक्टर तीसमध्ये आमची सरकारी क्वार्टर्स आहेत आणि तिथल्या रहिवासी संघाचा मी सचिव. पंधरा ऑगस्टला आठवडा असताना कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला. आमच्या मागच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने ठिपक्यांची मोठी जाळी आणि तिच्याभोवती वळणाऱ्या रेषा काढलेल्या होत्या. मी जाऊन भिंत पाहिली आणि त्याच दुपारी पोलीस चौकीला पत्र दिलं. त्यात 'सार्वजनिक शांततेला धोका' असं लिहिलं. शिवाय माझी हुशारी म्हणून, 'रेषांवरून काम सराईत रंगाऱ्याचे वाटते' हेही लिहिलं. प्रयोगशाळेत उपकरणं तपासणाऱ्या माणसाची खोड.

चौकीतल्या हवालदाराला पत्र पसंत पडलं. "डॉक्टरसाब, जो चुपचाप दीवार पे बिंदी लगा गया, वो कल नारा लिख जाएगा. फिर भीड़ हम सँभालेंगे. और ये बिंदियाँ कोई कोड भी हो सकती हैं." त्याचं म्हणणं मला तेव्हा पटलं. या भागात भिंतीवर फुटीरांनी लिहिलेल्या दोन शब्दांनी शहराची झोप उडते, हे मीही पाहिलं आहे.

संध्याकाळी मुलगी चहा घेऊन आली. ती विद्यापीठात शिकते. तिच्या नखांत निळा रंग होता.

"हे काय?"

"बाबा, वो आत्यावाली रंगोली है, पंद्रह अगस्त के लिए. आपने पहचानी नहीं?"

सांगलीला दिवाळीत माझी बहीण अंगणात तीच कमळाची रांगोळी काढते. मी लहानपणापासून ती ओलांडून घरात गेलो आहे. पण जमिनीवर पांढरी पाहिलेली रांगोळी भिंतीवर निळी उभी राहिली, तेव्हा मला तीत गुन्हा दिसला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सेक्टर बावीसमधला एक पेंटर चौकीत बसवला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा साठीचा माणूस. त्याच्याकडे तोच निळा रंग सापडला होता, आणि माझं वाक्य तर होतंच. रात्री त्याला घरी सोडत, सकाळी पुन्हा बोलावत. असे तीन दिवस गेले.

मुलगी म्हणाली, "मैं बता देती हूँ."

"गप्प बस. नाव एकदा त्यांच्या कागदावर चढलं की पासपोर्टलाही अडतं."

चौथ्या दिवशी मी चौकीत गेलो. हवालदाराच्या टेबलावर एका कोऱ्या कागदावर ठिपके मांडले आणि रेषा जोडून दाखवल्या. बहिणीचं ते कमळ मला जमलं.

"रंगोली है जी. हमारे यहाँ हर घर में बनती है. मेरा लिखना ग़लत था, शिकायत वापस लेता हूँ."

तो कागदाकडे पाहत हसला. "इतनी-सी बात पे हमारे चार दिन खा गए जनाब! बनाई किसने?"

"पता नहीं," मी म्हणालो. "इधर हमारे बहुत लोग हैं."

त्याने पेंटरला जायला सांगितलं. बाहेर आल्यावर मी त्याची माफी मागितली. रांगोळी माझ्या मुलीनं काढली, हे मात्र सांगितलं नाही. तेवढ्यात तोच हळू आवाजात म्हणाला, "डिब्बा तो बिटिया मुझसे ही ले गई थी. ब्रश भी मैंने ही चुनके दिया. उस दिन आप बाहर गाड़ी में बैठे थे."

मी त्याला विचारलं,

"आपने बताया क्यों नहीं?"

"बच्ची है जी. मेरा क्या, मेरे तो बोर्ड दो दिन बाद भी सूख जाएँगे." मग त्याने आपली सायकल काढली. "अब आप भी मत बताना."

त्याचं ते शेवटचं वाक्य ऐकून माझा जीव भांड्यात पडला. चार दिवसांच्या भीतीपेक्षा, पत्रातल्या त्या वाक्यापेक्षाही, मला त्या सुटकेची लाज वाटते.

घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं. ती उठून चपला घालू लागली. या वेळी मी तिला अडवलं नाही. मीही चपला घातल्या आणि आम्ही दोघं चौकीकडे चालू लागलो.