वादळाआधी एल्क चरतो

वादळाच्या बातमीने हरखून जाणारा माणूस उभ्या कॅनडात एकच, माझ्या बायकोचे मामा. हिमवादळाचा इशारा आला की सारं कॅल्गरी दूध-ब्रेड आणायला धावायचं, आणि हे निवृत्त भूलतज्ज्ञ भिंतीवरच्या वायुभारमापकाला टिचक्या मारत, मुलीकडून होकार आल्यासारखे खुलायचे. "प्रेशर पडतंय, जावईबापू! एल्क आता उघड्यावर येऊन पोटभर चरणार. बर्फ सुरू झाला की झाडीत जाऊन बसतील. उद्याची लीव्ह अप्लाय करा!" एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. आयुष्यात एकदा तरी एक मारून आणायचा, हा मामांचा ध्यास. एल्कचं नाक तिखट, म्हणून आदल्या दिवसापासून घरात हिंग-लसणाची फोडणी बंद. मामी उकडलेले बटाटे ताटात आपटत म्हणायच्या, "एल्क मरेल तेव्हा मरेल, आधी मीच जाईन." इतकं करून मामा दरवर्षी हात हलवत परत. कधी वारा फिरलेला असे, कधी धुकं आड आलेलं.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. घर विकून पार पूर्वेकडच्या किचनर शहरात लेकीच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं ठरलं. म्हणजे ही शेवटची संधी, म्हणून मीही सोबत गेलो. डोंगरावर काळंभोर आभाळ उतरत होतं. आम्ही झाडीच्या कडेला दबा धरून बसलो, आणि खरंच, शिंगांचा हा भलामोठा पसारा मिरवत एक नर माळावर आला, अगदी टप्प्यात. मामांनी रायफल खांद्याला लावली. हात स्थिर, श्वास स्थिर. एल्क गवत खात होता. मामा बघत होते. एल्क खातच होता.

"मामा, मारा ना!" मी कुजबुजलो.

"थांबा हो. जेवतोय तो. भरल्या पानावरून कुणाला उठवू नये."

बर्फाचे पहिले कण पडले तसा एल्क तृप्त होऊन, सावकाश चालत झाडीत दिसेनासा झाला. मामांनी रायफल खाली ठेवली. डोळे पाणावले होते.

"दरवर्षी असंच होतं?" मी विचारलं.

"दरवर्षी तो जेवतच असतो हो," मामा म्हणाले. "हिला मात्र नेम चुकला म्हणून सांगा."

मी तसंच सांगितलं. मामी उठल्या. आत जाऊन त्यांनी लसणाची चरचरीत फोडणी दिली. मामांना एल्क मिळाला नाही याचं मला अजून वाईट वाटतं, आणि मिळाला असता तर त्याहून वाटलं असतं.