उघड्या क्लॅम्पमधलं वजन

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आलोय. अजूनही भांडतो. या सदरातले अनुभव वाचून 'काहीतरीच' म्हणणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे हे लिहिताना भीती नाही, राग येतोय... कुणाचा, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल. कदाचित नाहीही कळणार.

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला. नववीत शाळा सुटली. शिर्डीत एका लॉजवर गरम पाण्याच्या बादल्या पोचवायचो. तिथे मुक्कामाला आलेल्या शमुवेल काकांनी मला बंद पडलेला गिझर खोलून बसवताना पाहिलं आणि नगरला आणलं. एमआयडीसीत त्यांचं पत्र्याचं शेड, मागे दोन खोल्यांचं घर. जेवण मार्था काकूंच्या हातचं. त्यांना मूलबाळ नाही. काका मला 'ए झाडी' म्हणायचे, आमच्या पूर्व विदर्भाला झाडीपट्टी म्हणतात त्यावरून. त्या दोघांचे उपकार मी कसे फेडणार, हे मला आजही समजत नाही.

आमचं काम म्हणजे फायबर केबलच्या जोडाच्या पेट्यांमधले क्लॅम्प. खांबावर काळी पेटी दिसते ना, तिच्या आत केबल धरून ठेवणारा भाग. सैल धरली तर बाहेरून ओढ बसून जोड तुटतो, जास्त आवळली तर आतला प्रकाश गुदमरतो. काकांनी क्लॅम्पची खालची पट्टी एकच ठेवली होती. केबल जाड-बारीक असेल तसा फक्त तिच्यावरचा, केबल पकडणारा जबडा बदलायचा, खटकन बसतो. आतला एक दात त्याला मिटलेला धरतो; दोन्ही बाजूंना बाहेर आलेले कान एकदम दाबल्याशिवाय तो उघडत नाही.

आणि प्रत्येक जबड्याचा आकार ते आधी बाजरीच्या पिठात काढायचे. काकूंकडून भाकरीचा गोळा घ्यायचा, केबलभोवती दाबायचा. कणीक चिवट असते, ती दाब लपवते. बाजरीचं पीठ जिथे जास्त दाब पडतो तिथे लगेच चिरतं. चीर दिसली की तिथला आकार बदलायचा. मग तो आकार कॉम्प्युटरवर काढायचा. काकू म्हणायच्या, "माझं निम्मं पीठ तुमच्या वायरीच खात्यात."

उन्हाळ्यात काका अचानक गेले. हार्ट अटॅक. नव्या बारीक केबलचा जबडा तेवढा करायचा राहिला होता. तो मी केला, त्यांच्याच पद्धतीने, काकूंनी मळून दिलेल्या पिठात. मग पेटी चाचणीच्या चौकटीला लावली, जबड्यात केबल बसवली आणि तिच्या खालच्या टोकाला पाच किलोचं वजन टांगलं. ते दिवसभर टांगून ठेवायचं असतं.

जेवायला गेलो. परत आलो तर जबडा उघडा, वजन खाली पडलेलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आणि फक्त जेवणाच्या सुट्टीत, शेडमध्ये कुणी नसताना.

काकांचा पुतण्या दाविद आता कारखाना बघतो. तो म्हणाला, "काकाचा जीव अडकलाय त्यात. त्याला तुझं काम पसंत न्हाई." मी म्हटलं, पत्रा तापतो, प्लॅस्टिक ढिलं पडतं, दात छोटा झाला असेल. त्याने ऐकून घेतलं नाही. चौकटीला लिंबू-मिरची बांधली. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा माणूस! वर काकूंना जाऊन सांगून आला, की काका शांत नाहीत, शेडमध्ये फिरतात.

काकूंचं जेवण सुटलं. एका सकाळी मला हळूच विचारलं, "तुझा काका असा हुता का रं? लोकांचं काम पाडनारा?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाने मला ताटात वाढून दिलं, त्याला हे लोक भूत करत होते, आणि तेही त्याच्या बायकोच्या तोंडावर. मी दाविदला सगळ्यांसमोर बोललो. तो हसला. म्हणाला, "लई पुळका आलाय. मग दाखव की कोन उघडतंय ते."

दाखवणारच होतो. दात वाढवून नवा जबडा केला, लिंबू तोडून फेकलं. सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर काकूंना बोलावलं. त्यांनी स्वतः पाहावं की यात काही नाही, एवढंच मला हवं होतं. मी वजन टांगलं, हाताने ओढून बघितलं. पक्कं. आम्ही समोर उभे राहिलो. भर दुपार होती, दार सताड उघडं.

जबड्याचे दोन्ही कान आत दबले. एकदम, सावकाश. कुणीतरी चिमटीत धरावेत तसे. जबडा उघडला.

आणि वजन पडलं नाही.

केबल उघड्या जबड्यात नुसती टेकलेली, खाली पाच किलो, आणि ते जरासुद्धा हललं नाही. काकू पुढे गेल्या. वजनाखाली हात धरला आणि बाजाराची पिशवी नवऱ्याच्या हातातून घ्यावी तशा आवाजात म्हणाल्या, "आवो, द्या इकडं. दमलासा."

वजन त्यांच्या हातात आलं.

त्यांनी ते टेबलावर ठेवलं, पदराने हात पुसले. "दाविदला सांगू नगं," म्हणाल्या. "त्याला भूतच पायजे. हे भूत न्हवतं."

नंतर मी तो जबडा कापून बघितला. दात शाबूत, कुठे तडा नाही. केबल चिकटली असेल म्हणावं, तर कुठे डागही नाही. ओळखीच्या दोन इंजिनिअरांना विचारलं. एक म्हणाला उष्णता, दुसऱ्याने मलाच वरून खालपर्यंत बघितलं. त्यानंतर त्याच मापाचा दुसरा जबडा केला, तो एकदाही आपोआप उघडलेला नाही. आता तसेच जबडे पेट्यांमध्ये बसून बाहेर जातायत.

काकू पुन्हा दोन वेळ जेवतात, झोपतात. यासाठी मी कुणाचे आभार मानायचे ते मला माहीत नाही, पण मानतो. ते काका नव्हतेच, असं मी स्वतःला रोज बजावतो.

कारण ते असतील, तर मला त्यांचाच फार राग येतो. काकूंच्या हातात वजन दिलं, बरोबरच केलं. पण शेजारी मीपण उभा होतो की.