मलमवाला

शहापूरच्या त्या सायबर कॅफेत जनादादा दर रविवारी यायचा, चपला बाहेर काढायचा आणि उंबऱ्यावरूनच विचारायचा, “उघडलं का रे?” कॅफेचा मालक नीलेश मान वर न करता सांगायचा, “नाय उघडलं दादा.” तरी जनादादा आत यायचा, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसायचा आणि स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यायचा. पडद्यावर एक थोरलं दगडी दार, दोन्ही बाजूंना मशाली आणि खाली इंग्रजीत एकच शब्द असायचा, लवकरच.

मी तिथे पत्रकं टाइप करायला जायचे. आमच्या संघटनेकडे कॉम्प्युटर नव्हता आणि माझ्या हस्ताक्षराची छापखानेवाल्याने जाहीर नालस्ती केली होती. तेव्हा मी विशीतली होते. भारनियमनावर पत्रक, रेशनवर पत्रक, आणि धरणं आमच्या तालुक्यात असताना पाणी मुंबईच्या नळाला आणि हंडे आमच्या बायांच्या डोक्यावर, यावर तर दर उन्हाळ्यात पत्रक. ‘लवकरच’ हा शब्द मला पुरता ओळखीचा होता. नळयोजनेच्या फलकांवर तो गंजेपर्यंत मी वाचला होता. त्यामुळे पस्तिशीतला, कष्टाने रापलेला एक माणूस त्या शब्दाकडे भक्तिभावाने बघत बसलेला पाहून माझं डोकं फिरलं.

मी सरळ विचारलं, तुम्ही कशाची वाट बघताय? तो म्हणाला, गेमची. नवा गेम येतोय, नेटवर खेळायचा, हजारो माणसं एकाच वेळी आत असणार. मी म्हटलं, तालुक्यात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही खेळाची वाट बघता? तो रागावला नाही. खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाला, “तू कशाची बघतीस गो? क्रांतीची ना? तिनं तरी कुठं तारीख दिलीय. यांनी निदान पोस्टर लावलंय.”

नीलेश इतका हसला की काउंटरवरचा चहा सांडला. त्या दिवसापासून मी कॅफेत शिरले की जनादादाचा प्रश्न ठरलेला, “काय गो बाय, आज कोणावर?” मी सांगायचे, आज वीज मंडळावर, आज तहसीलदारावर. तो मान डोलवायचा. “लिही, लिही. जरा मोठ्या अक्षरात लिही. त्यांना लांबचं दिसत नाय.”

जनादादा आटगावजवळ एका कारखान्यात पॅकिंगला होता. राहायला सापगावच्या पलीकडे एका गावात, भाताची थोडी जमीन. गावाचं नाव इथे लिहीत नाही. माझी लिहायची तयारी होती, त्याची नव्हती. कॉम्प्युटर तो नीलेशकडेच शिकला. एका बोटाने टाइप करायचा, आणि प्रत्येक अक्षर सापडलं की त्याच्याकडे एकदा बघून घ्यायचा, ओळखीचा माणूस भेटल्यासारखा.

गेम कसा असणार ते त्याला पाठ होतं. कॅफेत येणाऱ्या सगळ्या पोरांना तलवारवाला व्हायचं होतं. कॅफेच्या भिंतीवर लावलेल्या पोस्टरवरही तलवारच होती. जनादादाला मात्र मलमवाला व्हायचं होतं. म्हणजे टोळीत मागे उभं राहून जखमी झालेल्यांना मंत्राने बरं करणारा. पोरं चिडवायची, दादा, ते काम बायकांचं. तो शांतपणे सांगायचा की ही सावड आहे. लावणीला जसे आपण एकमेकांच्या शेतात जातो, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, तसंच ते. त्या गेममधला राक्षस एकट्याकडून मरतच नाही. पाच जण लागतात.

“पण मलमवालाच का?” मी विचारलं.

“त्याला लोकं शोधत येतात गो,” तो म्हणाला. “तलवारवाले ढीगभर. मलमवाला नसला की सगळे हाका मारत फिरतात.”

मला तेव्हा यातलं काहीच कळलं नाही. कळलं ते पुढच्या महिन्यात, नीलेशकडून. जनादादाला गावाने वाळीत टाकलं होतं. त्याच्या बहिणीने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि ती मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याला राहायला गेली. गावकीने ठराव केला, तिच्याशी संबंध तोडा. आई तोवर गेली होती, घरात जनादादा एकटा. तो बहिणीच्या मुलाच्या बारशाला गेला, पाळण्याची दोरी ओढली, जेवला आणि परत आला. दुसऱ्या दिवसापासून गाव गप्प. कोणी हाक मारायची नाही, हाकेला ओ द्यायची नाही, लग्नकार्यात बोलवायचं नाही, त्याच्या लावणीला सावड द्यायची नाही. ठरत आलेली सोयरीकही मोडली. हे सगळं कशासाठी, तर एका माणसाने भाच्याचा पाळणा हलवला म्हणून.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याच दिवशी पत्रक लिहायला घेतलं. दाद मागायला ज्या कचेऱ्यांमध्ये गेले तिथे मला सांगण्यात आलं की न बोलणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो ते आधी दाखवा. एक साहेब तर म्हणाले, मॅडम, आमच्या घरीपण बायको चारचार दिवस बोलत नाही. आणि हसले.

जनादादाला मी म्हटलं, गावाचं नाव छापते, गावकीच्या पुढाऱ्याचं नाव छापते. त्यांना गावात तात्या म्हणत. तो म्हणाला, नको. मी म्हटलं, घाबरता?  तो म्हणाला, “पत्रक वाचून माझ्याशी बोलंल का कोण? अजून गप्प होतील. शिव्या दिल्या असत्या ना, तर चाललं असतं. शिवी देणारा माणूस निदान तोंडाकडं बघतो.” मग हसला. “माझ्या मोत्याला हाका मारतात गो. कुत्र्याला नाय टाकलं वाळीत. त्याचं चांगलं चाललंय.”

त्यानंतर त्या दगडी दाराकडे मलाही नुसतं तुच्छतेने बघता येईना. दार उघडायची तारीख पडली ती गणपतीनंतरची. ती पुढे गेली. मग दिवाळी. तीही गेली. पोरं कंटाळून दुसऱ्या गेमकडे वळली. जनादादा वळला नाही. तो म्हणायचा, तिकडं सगळे नवे असतील, कोणाला कोण ठाऊक नसेल, पहिल्या दिवसापासून गेलं पाहिजे. उशिरा गेलं की टोळ्या ठरून जातात, मग कोण घेत नाही.

अखेर शिमग्याच्या सुमारास दार उघडलं. त्या रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पडद्यावर नाव विचारलं. त्याने एका बोटाने जनार्दन लिहिलं. उत्तर आलं, हे नाव आधीच घेतलेलं आहे. त्याने जनू लिहिलं. तेही घेतलेलं. “इकडं पण माझ्या नावाला जागा नाय,” असं म्हणत त्याने ‘मलमवाला’ लिहिलं. ते मात्र लगेच मिळालं.

आत एक चौक होता, मधोमध कारंजं, आणि शेकडो माणसं धावत होती. जनादादाचा मलमवाला पांढरा झगा घालून चौकात उभा राहिला. उभाच राहिला. समोरून जो जाईल त्याला तो खाली इंग्रजी अक्षरांत टाइप करून राम राम घालत होता. एका बोटाने. तेवढ्यात तो माणूस दिसेनासा झालेला असायचा. मग दुसऱ्याला. एकाने लिहिलं, बाजूला हो. तो बाजूला झाला आणि तिथून राम राम घालू लागला.

नीलेश कळवळून म्हणाला, “दादा, इथं राम राम नाय करत. टाइम जातो.”

“मग काय करतात?”

“मारतात. लांडगे, डुकरं, दिसंल ते.”

“वळख ना पाळख, आधीच मारायचं?”

दुपार तशीच गेली. हजारो माणसांत कोणी त्याच्या राम रामाला उत्तर दिलं नाही. मी शेजारच्या कॉम्प्युटरवर निवेदन टाइप करत होते, पण माझं सगळं लक्ष त्याच्याकडे होतं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याच्या गावच्या रस्त्यावर रोज असणार, एवढं मला कळलं. मग चौकाबाहेर, गेममधल्या रानात एकाला लांडग्यांनी घेरलं आणि तो मदत मागत सुटला. जनादादाने मंत्राचं बटण शोधून शोधून दाबलं. तो वाचला. जाताना त्याने लिहिलं, थँक्स भाई. जनादादाने ते मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग चहा पाजला सगळ्यांना.

पुढे त्याची टोळी जमली. त्यात तुफान नावाचा एक तलवारवाला होता, रविवारी हमखास यायचा. राक्षस मारायला जमायचं असलं की बाकीचे इंग्रजीत बोलवायचे. तुफानने एकदा लिहिलं, मलमवाल्या, सावडीला ये. जनादादाने खुर्ची मागे सरकवली. हा शब्द त्या जगातला नव्हता. तो भातवाल्यांचा शब्द होता. जनादादाने विचारलं, कुठला? उत्तर आलं, शहापूरकडचा, नोकरीला कल्याणला, तिथल्या कॅफेतून खेळतो. जनादादाने आपलंही सांगितलं, आटगावला कामाला, घरी एकटाच. आणि मग विचारलं, कोणाचा?

तुफानने जनादादाच्याच गावाचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, तात्यांचा.

मी टाळी वाजवायची तेवढी बाकी होती. गावकीच्या पुढाऱ्याचा मुलगा दर रविवारी वाळीत टाकलेल्या माणसाकडून बरा होत होता. मी म्हटलं, आता सांगा त्याला तुम्ही कोण ते. जनादादा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, “त्याला म्हाईत हाय.”

“कशावरून?”

“आमच्यात ‘कोणाचा’ विचारलं की समोरचा पण विचारतो, तू कोणाचा. विचारल्याबिगर राहवत नाय. यानं नाय विचारलं.” त्याने खुर्ची पडद्याजवळ ओढली. “विचारलं तर मला नाव सांगावं लागंल. नाव सांगितलं की त्याला बोलणं बंद करावं लागंल. म्हणून नाय विचारत तो.”

मी संतापले. आजही संतापते. कल्याणच्या खुर्चीत बसून, खोट्या नावामागे लपून बोलायचं आणि गावात आलं की मान खाली घालून पुढे जायचं, याला काय म्हणायचं? मी जनादादाला म्हटलं, लावणी तोंडावर आली आहे, त्याला खऱ्या सावडीला बोलवा. येऊ दे चिखलात. माणूस आहे की नुसतं चित्र ते कळेल. तो नको नको म्हणत होता. पण त्यालाही ते हवं होतं. हे मी माझ्या समर्थनासाठी लिहीत नाही. त्याचं बोट आधीच अक्षरांवर गेलं होतं.

त्याने लिहिलं, पुढच्या रविवारी माझी लावणी आहे. सावडीला येशील?

 तुफान तलवार खांद्यावर टाकून नुसता उभा होता. मग एकेक शब्द उमटला. दादा, असं नको विचारू. मग मला इथंपण येता येणार नाय.

मी फणकारले, म्हटलं, बघा, भेकड आहे. जनादादाने मला हाताने थांबवलं. डोळे पुसायची त्याला लाज वाटली नाही. “दादा म्हटलं गो त्यानं. गावातल्या माणसानं.”

पुढच्या रविवारी मी लावणीला गेले. वैशाखऱ्याहून बहीण आणि मेहुणे आले होते. मला आवण, म्हणजे भाताची रोपं, धड लावता येईना, तर जनादादा म्हणाला, ही रांग मोर्चासारखी वाकडी निघालीय. बांधावरून माणसं जात होती. एकानेही आमच्याकडे पाहिलं नाही. न बघता चालायला किती सराव लागत असेल, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आणि मलमवाला पुन्हा त्या दारातून आत गेला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, मी दिसलो की त्याला लाज वाटंल, मग तो खेळणार कसा. नीलेशने समजावलं, दुसऱ्या नावाने जा. तो म्हणाला, त्याला फसवून काय करू? ज्याची त्याने वर्षभर वाट पाहिली होती ते त्याने एका पावसाळ्यात सोडून दिलं, एका मुलाची मान खाली जाऊ नये म्हणून. गावाने त्याच्यासाठी असं काय केलं होतं? हा प्रश्न मी त्याला विचारला होता. त्याने उलट विचारलं, काय गो बाय, आज कोणावर?

भात झोडून झाल्यावर तो गाव सोडून गेला. मेहुण्यांनी मुरबाडला काम पाहून दिलं होतं. मी फाट्यावर निरोपाला गेले. शहापूरहून येणारी मुरबाडची एसटी आली. फाट्यावर गावातली बरीच माणसं होती आणि सगळी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत होती. जनादादाची लोखंडी पेटी जड होती. आम्ही दोघं ती उचलायला वाकलो, इतक्यात गर्दीतून पॅन्ट-शर्टातला एक तरुण आला. त्याने पेटी एकट्याने खांद्यावर घेतली, एसटीत नेऊन सीटखाली सरकवली, खाली उतरला आणि गर्दीकडे परत न जाता शेतातून चालू लागला. एक शब्द बोलला नाही. गावकीच्या ठरावात बोलण्याबद्दल होतं, सावडीबद्दल होतं, पेटीबद्दल काही नव्हतं. पण फाट्यावरच्या सगळ्या माना आता त्याच्याकडे वळल्या होत्या.

मी खिडकीशी जाऊन विचारलं, “हाच का तो?”

जनादादा त्या पाठमोऱ्या पोराकडे बघत होता. कंडक्टरने घंटी दिली.

“कोणाचा कोण, मला काय म्हाईत?” तो फाट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. “मी तर बाबा वळखत नाय त्याला.”