पुलाच्या अलीकडे

साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगत रेंगाळू लागला, की मला अजून दाबून दाबून झिजलेल्या बटणांची टकटक ऐकू येते. नव्वदीच्या दशकाची अखेर होती. नेवाशाजवळच्या आमच्या वस्तीवर, ओसरीतल्या बाजेवर, पाठीशी दोन उशा घेऊन माझा धाकटा भाऊ अनिल हातातल्या व्हिडिओ गेमवर वाकलेला असे. लहानपणीच्या सांधेतापानं त्याच्या हृदयाची झडप निकामी झाली होती, आणि ऐन विशीच्या उंबरठ्यावर त्याला गोठ्यापर्यंत जातानाही धाप लागे.

तो खेळ आखातात नोकरीला असलेल्या मामानं आणलेला. त्यात तलवार घेतलेला एक मुलगा गावोगाव हिंडे, राक्षसांशी लढे, लढता लढता बळ मिळवी. त्याचा जीव पडद्याच्या कोपऱ्यात चार हृदयांनी दाखवलेला असे. घाव बसला की एक हृदय रिकामं होई, वैद्याचं औषध प्यालं की सारी पुन्हा भरून येत. तेव्हा अनिल माझ्याकडे पाहून हसायचा. मला ते हसणं सोसत नसे.

पण खेळात खोट होती. शत्रू एकदम चालून आले की चित्र अडखळे, आणि नदीवरच्या पुलावर पाऊल टाकताच सगळं जागच्या जागी थिजून जाई. अनिलला वाटे, आपलंच कुठंतरी चुकतंय. अख्खा पावसाळा तो त्या पुलाशी झुंजला. दिवाळीला मामा आला तो नवी कॅसेट घेऊनच. खेळ तोच, पण बनवणाऱ्यांनी प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त करून पुन्हा काढलेला.

"तुजं काय बी चुकत नव्हतं रं," मामा त्याला म्हणाला, "त्यांचीच चूक हुती. फकस्त आता पयल्यापासून खेळावं लागंल."

अनिल कॅसेट बोटांत फिरवत राहिला. मग माझ्याकडे वळला. "ताई, पुन्याला माजी झडप बदलत्याल, तवा मला बी पयल्यापासून खेळाय लागंल का?"

मी त्याच्या पाठीमागच्या उशा सारख्या केल्या.

नव्या कॅसेटीत तो मुलगा कुठंही न अडखळता धावू लागला, आणि त्या धावण्यानं अनिलच्या निस्तेज चेहऱ्यावर कोवळं ऊन पडल्यासारखं वाटे. पुण्याला निघण्याच्या सकाळी त्यानं पुलाअलीकडच्या गावात, विहिरीपाशी, खेळ सेव्ह करून ठेवला. "आलो की वलांडतो," म्हणाला. ऑपरेशननंतर तो शुद्धीवर आलाच नाही.

दहाव्याला प्रवरेकाठी पिंड ठेवला. गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करण्याचा शब्द मिळाल्याशिवाय कावळा पिंडाला शिवत नाही, असं आमच्याकडे मानतात. कावळे बाभळीवर गप्प बसले होते. वडील हात जोडून म्हणाले, "तुज्या आईला जपीन." मामा म्हणाला, "तुजी तांबडी गाय घोडेगावच्या बाजारात न्हेऊ देनार न्हाई." एकही कावळा हलला नाही. ऊन चढत चाललं. आईच्या तोंडाकडे बघवेना, तेव्हा मी पुढे झाले. "अन्या, पूल मी वलांडून देते."

एक कावळा उतरला, शिवला.

माझी बोटं त्या खेळाला सरावली नव्हती. किती दिवस तो मुलगा माझ्या हातून त्या वाटेवर मरत राहिला, आणि दर वेळी मला नव्यानं रडू आलं. अखेर एका दुपारी मी त्याला पुलावर आणलं. शत्रू चहूबाजूंनी आले, पण चित्र जराही थिजलं नाही. दुरुस्ती चोख होती, आणि त्या चोखपणाचा मला विलक्षण राग आला. पलीकडे थोडं गवत, एक झाड, पुढे जाणारी वाट, एवढंच होतं. पडद्यावर प्रश्न उमटला: इथवरचा खेळ सेव्ह करायचा का? जागा एकाच खेळाची होती. हो म्हटलं असतं तर अनिलनं विहिरीपाशी ठेवलेलं सगळं पुसलं गेलं असतं.

आई दारात येऊन उभी होती. "वलांडला का गं त्यानं?"

"व्हय. पोचला."

तिनं पदरानं डोळे टिपले आणि ती चुलीकडे गेली. मी सेव्ह न करता खेळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी चालू केला तेव्हा तो मुलगा विहिरीपाशीच उभा होता, चारही हृदयं भरलेली, तोंड पुलाकडे. घाटावर दिलेला शब्द मी पाळला की मोडला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.