पुढं घेतलेली बाटली

माळशेजकडून उतरलेलं धुकं मढच्या डेअरीच्या पत्र्यावरून थेंबाथेंबानं गळत होतं. चांगदेवनं काटा पुसला, तपासणीच्या बाटल्या मांडल्या आणि दोन्ही कॉम्प्युटर सुरू केले. दारातल्याला काटा जोडलेला, आतल्या खोलीतल्याला दूध तपासायचं मशीन. मधे एक वायर. दोन्हीकडचे प्रोग्राम त्यानंच ओतूरला क्लास करून लिहिले होते. दारातला सॉकेट, म्हणजे निरोप घ्यायची खिडकी, उघडून वाट बघायचा, आतला त्यावरून फॅट आणि पाणी कळवायचा.

रांगेत प्रयागबाईची किटली आजही नव्हती. चौथा दिवस.

एका गाईचं दूध घेऊन ही म्हातारी वरच्या वाडीतून तासभर चालत यायची. सोमवारी तिच्या नावापुढं उमटलं : पाणी बावीस टक्के.

"आजे, गाय हिरीत बांधती काय?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"चांगदेवा, तू तरी बोल कायतरी," प्रयागबाई म्हणाली.

"मशीन खोटं बोलत न्हाई, आजे."

ते बोलणं त्याला चार दिवस सलत होतं.

आज बहिरूनं काट्यावर दूध घातलं. त्याच्यामागं आरतीनं, कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन. "तिची बाटली आदी घे रं," बहिरू म्हणाला. सोमवारी प्रयागबाईच्या पुढं तोच होता, आणि तिच्यासाठीही असंच म्हणाला होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लेकुरवाळीला पुढं घ्यायची इथली रीतच.

चांगदेवनं आरतीची बाटली मशीनला लावली. पाणी शून्य. मग बहिरूची. वीस टक्के. तो दारात आला, तर पडद्यावर ते वीस टक्के आरतीच्या नावापुढं.

मग त्याच्या ध्यानात आलं. आतून नुसते आकडे यायचे, नाव यायचंच नाही. आकडे काट्याच्या क्रमानंच येतील असं धरून त्यानं प्रोग्राम लिहिला होता, आणि गाव तर माणूस बघून क्रम मोडत होतं.

"सोमवारचं पाणी प्रयागबाईचं नव्हतं," तो मोठ्यानं म्हणाला. "चूक माझी."

"मंग कुनाचं व्हतं?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

बहिरू किटलीचं झाकण लावत राहिला. लागलेलंच झाकण.

दुपारपर्यंत चांगदेवनं आकड्यासोबत खाते नंबर पाठवायची सोय केली आणि वाडी चढला. प्रयागबाई गाईला वैरण टाकत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"प्रोग्राम चुकला, आजे."

"चुकला आसंल. पर हासली ती मानसंच व्हती ना?"

त्यानं बाजूला सांडलेली वैरण गाईपुढं सारली.

"येईन उद्या," ती म्हणाली. "पर माजी बाटली रांगंतच ठिव. पुढं घेऊ नको."

उतरताना त्याला कुणी हाक मारली, ती ऐकूच आली नाही. डेअरीत येऊन त्यानं बादली भरली आणि संध्याकाळच्या बाटल्या विसळायला बसला.